पुढे कोण बसलं होतं

सातपाटीत एकनाथ तांडेलाची एक गोष्ट होती आणि ती ऐकल्याशिवाय गावातलं एकही पोर मोठं झालं नव्हतं. बारशाला सांगायचा, बाराव्याला सांगायचा, जाळी दुरुस्त करायला चार माणसं बसली की हमखास सांगायचा. गोष्ट तशी एवढीशी. एकनाथ लहान असताना शेजारच्याच माहीम गावातल्या एका वाडीवाल्या शेटची अमेरिकन गाडी ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर रुतली. भरती चढू लागली तशी शेटच्या तोंडचं पाणी पळालं. मग सातपाटीच्या माणसांनी होडी ओढायचा दोर लावून, हैसा हैसा करत, ती अजस्र गाडी वर काढली. शेट खूश झाला. दोराला हात लावणाऱ्या पोरांना त्याने गाडीत बसवून गावापर्यंत आणलं. बाकीची पोरं मागे कोंबलेली आणि पुढे, शेटच्या शेजारी, एकटा एकनाथ.

खरी गंमत याच्या पुढे होती. त्या गाडीचं स्टिअरिंग डावीकडे. म्हणजे आपल्याकडे ड्रायव्हर जिथे बसतो तिथे, उजव्या बाजूला, उघडाबंब एकनाथ बसलेला. गावात गाडी शिरली तेव्हा लोकांनी काय पाहिलं, तर तांडेलाचं पोर होडीएवढी गाडी हाकत येतंय. त्याची आई वाळत घातलेले बोंबील टाकून छाती बडवत धावली. इथपर्यंत आलं की एकनाथ आईची नक्कल करायचा आणि ऐकणारे हसायचे, दहाव्यांदा ऐकणारेसुद्धा.

चुलतभाऊ कुंदन त्या दिवशी मागे कुणाच्या तरी मांडीवर होता. गोष्टीत त्याचं काम तेवढंच.

एकनाथकडे दुसरं काही मिरवण्यासारखं नव्हतं असं नाही. स्वतःची होडी होती, तिच्यावरचा म्होरक्या, म्हणजे तांडेल, म्हणून शब्दाला वजन होतं, बायको जमना बाजारात कोणाला हार न जाणारी होती, आणि दीपालीसारखी शिकलेली मुलगी होती. पण होड्या गावात शेकड्यांनी होत्या आणि मुली घरोघर शिकत होत्या. पुढच्या सीटवर बसून आलेला माणूस मात्र गावात एकच होता.

आणि मग कुंदनने ती गाडी विकत घेतली.

तशीच दुसरी नव्हे, तीच. शेट कधीच गेला होता, नातू मुंबईला राहत होता आणि गाडी माहीमच्या वाडीत झावळ्यांच्या मांडवाखाली पडली होती. कोंबड्या तिच्यात अंडी घालत. कुंदनने होडी सोडून बरीच वर्षं झाली होती. बोईसरला कंपन्यांच्या कामगारांची ने-आण करणाऱ्या बसगाड्या त्याने चालवायला घेतल्या, एकाच्या दोन, दोनाच्या सहा केल्या, पण घर सातपाटीतच ठेवलं. त्याच घरापुढे त्याने पत्र्याची शेड उभारली आणि गाडी ट्रकवर चढवून आणली. ती स्वतःच्या पायांनी आली नाही, एवढंच एकनाथला त्या दिवशी समाधान.

बोईसरच्या विनोद मेकॅनिकने ती पावसाळाभर खोलली आणि दसऱ्याला ती चालू झाली. आवाज असा की शेजारच्या घरातली भांडी हलली. निळा रंग, पुढे चकचकीत दाढांसारखी जाळी, मागे दोन माणसं ऐसपैस झोपतील एवढी डिकी. गावाने तिचं नाव जहाज ठेवलं. पूजेला पालघरच्या मोबाइल चॅनलवाल्यांची एक मुलगी आली होती. तिने कुंदनला विचारलं की हीच गाडी का घेतली. कुंदन छाती पुढे काढून म्हणाला, "लहानपणी याच गाडीत पुढं बसून मी गावात आलो होतो. तवाच ठरवलं."

तो व्हिडिओ एकनाथने दीपालीच्या मोबाइलवर पाहिला. मग परत लावायला सांगितला. मग परत. अंगाचा नुसता तिळपापड झाला. गाडी घेतली, घे बाबा, तुझ्याकडे पैसा आहे. पण माझी जागा? दीपाली हसत म्हणाली की जाऊ द्या ना बाबा, त्यांची गाडी, त्यांची गोष्ट. जमनाने तर मान वर करून पाहिलंही नाही, कोलंबी सोलता सोलता म्हणाली की कोण कुठं बसलं होतं याने आज कोणाच्या ताटात काय वाढणार आहे. या घरात आपल्या बाजूचं कोणी नाही, हे एकनाथने त्याच दिवशी ओळखलं.

वाईट म्हणजे लोक कुंदनचं खरं मानू लागले. डोळ्यांसमोर गाडी उभी असल्यावर कोण कशाला शंका घेईल? एकनाथ बर्फ भरायला गेला असताना त्याच्याच होडीवरच्या सुका नावाच्या नव्या खलाशाने अगदी आदराने विचारलं, "तांडेल, तुमी पण होता ना त्या गाडीत? मागं बसला होता?" एकनाथने त्याला दिवसभर मासळीच्या टोपल्या उचलायला लावल्या.

तेव्हापासून त्याच्या सुखाचं एकच ठिकाण उरलं, ते म्हणजे गाडीची दुखणी. आणि गाडीने त्याला कधी उपाशी ठेवलं नाही. पेट्रोल तर ती गटागटा प्यायची. पालघरला जाऊन यायचं म्हटलं तर जाताना एकदा आणि येताना एकदा पंप गाठावा लागे. हल्लीच्या पेट्रोलने तिच्या आतले रबरी पाइप फुगले आणि कार्बोरेटर गळू लागला. ब्रेक धरेनात, कारण त्यातली रबरं दगडासारखी कडक झाली होती. त्या मापाचे टायर कुठेच मिळेनात, शेवटी मुंबईहून आले, तेही चारातले तीन. एक छोटीशी वस्तू थेट अमेरिकेहून मागवली, तर वस्तूपेक्षा तिच्यावरचा कर जास्त निघाला. चकाकणारी जाळी खाऱ्या वाऱ्याने ठिपक्याठिपक्यांनी गंजली. यातली प्रत्येक बातमी एकनाथला कुंदनची बायको हेमाली कडवट तोंडाने सांगायची. एकनाथ च्यक् च्यक् करायचा, अरेरे म्हणायचा, आणि त्या दिवशी दोन भाकरी जास्त खायचा.

कुंदनने पांढरा हत्ती पोसायला घेतलाय, असं तो बंदरावर सांगत सुटला. पण हत्तीवर बसणाऱ्याकडेच लोक बघतात, हेही त्याला दिसत होतं. गाडी बंद पडली तरी लोक तिच्याभोवती जमायचे. एकनाथची होडी बंद पडली तर कुत्रं फिरकत नव्हतं.

होळीच्या दिवशी कुंदन जहाज घेऊन बंदरावर आला. होळी म्हणजे सातपाटीचा मोठा सण, होड्या पताकांनी नटलेल्या, सगळं गाव किनाऱ्यावर. गर्दीतून मुंगीच्या चालीने गाडी आणताना इंजिन तापलं आणि बॉनेटमधून वाफ निघाली. विनोदने ही गाडी हळू चालली की तापणारच म्हणून आधीच बजावलं होतं. कुंदनने बघितलं तर पाण्याचा एक पाइप ढिला होऊन निम्मं पाणी सांडलेलं. पाइप आवळून झाला, तोवर हेमालीने त्याला पूजेला हाक मारली. समोर एकनाथ उभा. कुंदन म्हणाला, "दादा, इंजिन थंड जालं की जरा पाणी घाल त्यात. गोडं घाल बरं का." आणि गेला.

गोडं पाणी मच्छीमार सोसायटीच्या नळाला, म्हणजे गर्दीतून वाट काढत बरंच लांब. समुद्र दहा पावलांवर. एकनाथने होडीवरची बादली घेतली.

आता तुम्ही म्हणाल, चूक झाली असेल. होडीचं इंजिन जन्मभर समुद्राचंच पाणी पितं आणि त्यावरच थंड राहतं, बंदरावरच्या माणसाचा हात सवयीने समुद्राकडेच जातो. एकनाथनेही स्वतःला हेच सांगितलं. पण ज्याने आयुष्यभर होडीचं इंजिन सांभाळलं त्याला एवढं कळत होतं की होडीत पाणी एका बाजूने येतं आणि दुसऱ्या बाजूने निघून जातं. मीठ आत मुक्कामाला राहत नाही. गाडीत तेच पाणी आतल्या आत फिरत राहणार, आणि मीठ लोखंडाला काय करतं हे सातपाटीच्या माणसाला शिकवावं लागत नाही. त्याला सगळं कळत होतं. त्याने बादली ओतली, झाकण फिरवलं आणि पूजेला जाऊन हात जोडून उभा राहिला.

पुढे काही दिवस त्याला बरं वाटलं. मग बरं वाटेनासं झालं. गाडी नेहमीपेक्षा जास्त पाणी मागते असं हेमाली म्हणाली. विनोद येऊन झाकणापर्यंत पाणी भरून गेला, "पुरानी गाडी है, सेठ, पानी तो पिएगी," असं म्हणाला. एकनाथ च्यक् च्यक् करायला विसरला.

आणि नेमकं तेव्हाच दीपालीचं लग्न ठरलं. मुलगा जवळच्याच नवापूरचा, निमेश, तारापूरच्या एका कंपनीत नोकरीला. लग्न सातपाटीत, बंदराच्या मैदानावर मांडव. सकाळी नवरीने गावदेवीची ओटी भरायची आणि वाजतगाजत मांडवात यायचं. एकनाथने फुलांनी सजवलेला टेम्पो मनात धरला होता. दीपालीने एका संध्याकाळी सरळ सांगून टाकलं की ती काकाच्या जहाजातून जाणार, आणि काकाने तर कधीच हो म्हटलंय.

एकनाथ नाही म्हणाला. कारण विचारलं तर म्हणाला, ती गाडी भरवशाची नाही. दीपाली म्हणाली, काका खास त्यासाठी तिला तपासून घेणार आहे. एकनाथ म्हणाला, लोक नवरीला सोडून गाडीच बघतील. जमनाने हातातलं काम खाली ठेवलं. "लोक बघोत काय बघायचं ते. तुमाला भावजीची गाडी बघवत नाय, तेवढंच हाय. पोरीच्या लग्नात तरी ते बाजूला ठेवा." यावर काय बोलणार? गाडीच्या पोटात मी मीठ भरलंय, असं? आपल्याच मुलीचं लग्न आपण ओतलेल्या बादलीवर तरंगतंय, ही एक गोष्ट त्याला त्यानंतर धड जेवू देईना. दोनदा तो शेडपर्यंत गेला, विनोदकडून पाणी सगळं काढून नवं भरून घे, एवढंच सांगायला. दोन्ही वेळा कुंदन गाडी पुसत लोकांना पुढच्या सीटची गोष्ट सांगत होता, आणि एकनाथ तोंड फिरवून परत आला.

लग्नाचा दिवस मे महिन्यातला, सकाळीच ऊन तापलेलं. गाडीवर अबोलीच्या माळा सोडल्या होत्या. मागे दीपाली, मुंडावळ्या बांधलेली, शेजारी जमना आणि हेमाली. पुढे कुंदन एकटा, नवा पांढरा शर्ट घालून. एकनाथ बँडच्या मागून पायी चालला होता. कुंदनने त्याला पुढे बसायला बोलावलं होतं, पण त्याच्या शेजारी पाहुण्यासारखं बसणं त्याच्याच्याने होणार नव्हतं. देवीला ओटी भरून झाली. परत येताना, मांडवाचं टोक दिसू लागलं त्या वळणावर, गाडीतून आधी शीळ आली, मग फाटकन आवाज झाला, आणि बॉनेटखालून वाफेचा लोट उठला. बँड थांबला. इंजिन दोन आचके देऊन गप्प झालं.

विनोद मिरवणुकीतच होता. त्याने फडकं धरून बॉनेट उघडलं. पाण्याचा पाइप फाटला होता, पाण्याचा पंप जागच्या जागी जाम झाला होता आणि रेडिएटरला एक सोडून तीन ठिकाणी भोकं होती. विनोद बुचकळ्यात पडला. त्याने फाटलेल्या पाइपच्या तोंडातून बोट फिरवलं, बोटाला पांढरी कपची लागली. कुंदनने ती त्याच्या बोटावरून घेतली आणि जिभेवर ठेवली.

एकनाथ समोरच उभा होता. कुंदन ती चव घेत राहिला, जरा जास्तच वेळ. मग त्याने मान वर केली आणि फक्त एकनाथकडे पाहिलं.

"काय आहे, सेठ?" विनोदने विचारलं.

"गंज," कुंदन म्हणाला, आणि थुंकला.

लोकांचा गलका सुरू झाला. मुहूर्त जवळ आला होता, नवापूरचं वऱ्हाड मांडवात बसलं होतं. कोणी म्हणालं रिक्षा आणा, कोणी म्हणालं नवरीला चालत न्या, एवढं तर अंतर आहे. तेव्हा मागच्या खिडकीतून दीपालीने डोकं बाहेर काढलं. "मी उतरणार नाय. जन्मभर ऐकवलंत ना, दोर लावून ओढली होती म्हणून? मंग ओढा आता."

यावर जो हशा उठला तो मांडवापर्यंत गेला. चार जण होड्यांकडे धावले आणि दोर घेऊन आले. लग्नाचे कपडे घातलेली गावातली सगळी तांडेल मंडळी बाह्या सरसावून दोराला लागली. कुंदनने स्वतः गाडीला गाठ मारली, बोटीची पक्की गाठ, इतक्या वर्षांनीही न चुकलेली. मग तो म्हणाला की स्टिअरिंग धरायला कोणीतरी पाहिजे, इंजिन बंद असलं की ते दगडासारखं जड होतं आणि ब्रेकवरही उभं राहावं लागतं. "सुकाण धरणारा माणूस पाहिजे," म्हणाला आणि एकनाथच्या खांद्यावर हात ठेवला.

एकनाथ सवयीने उजव्या दाराकडे वळला.

"तिकडं नाय," कुंदन म्हणाला. "ह्या बाजूला."

त्याने डावं दार उघडून धरलं. एकनाथ जवळ आला तसा कुंदनचा आवाज खाली आला, इतका की आत बसलेल्या बायकांनाही ऐकू जाऊ नये. "चाळीस वर्सं तुजी ती गोष्ट ऐकली, दादा. माज्या लग्नात, माज्याच मांडवात, तीच सांगितलीस. लोक माज्या बायकोला सोडून तुज्याकडं बघत होते. ती गोष्ट एकदाची बंद पडावी म्हणून ही पीडा घेतली मी. आता बस पुढं."

एकनाथ बसला. आपला कोणी हेवा करावा असं काही आपल्याकडे आहे, हे त्याला कधी वाटलंच नव्हतं. ते त्याला आज कळलं, खारं पाणी ओतून झाल्यावर. ते सगळे टायर, तो अमेरिकेहून आलेला तुकडा, हेमालीचं कडवट तोंड, पंपावर ओतलेला पैसा, सगळं त्या एका सीटपायी. आणि ती सीट तर त्याने गाडी न घेता, फुकटात, चाळीस वर्षं भोगली होती.

दोर ताणला गेला. गाडी हलेना. मग पुढून हाक आली, लांबवलेली, छातीतून काढलेली, "हैसाऽऽ", आणि सगळ्यांनी एकदम जोर लावला. एकनाथ दचकला. ही हाक घालायचा मान तांडेलाचा. सातपाटीत वीस वर्षं होड्या ओढताना ही हाक तोच घालत आला होता. आणि आज ती कुंदन घालत होता, जो होडी सोडून बसगाड्या चालवत होता. आणि चांगली घालत होता. माणसं त्याच्या तालावर पावलं टाकत होती, बायका कडेला उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या, पांढरा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. पुढच्या सीटवर बसलेल्या एकनाथकडे कोणाचंही लक्ष नव्हतं. सगळी मजा दोरावर चालली होती.

त्याच्या पोटात परत दुखलं. खरंच दुखलं. काय माणूस आहे हा, त्याला स्वतःबद्दलच वाटलं, पण हात काच खाली करायला गेलाच. काच निम्मी उतरून अडकली. तेवढ्या फटीतून त्याने तोंड बाहेर काढलं आणि सगळा दम एकवटून हाक घातली. खलाशांचे पाय त्या आवाजाला बांधलेलेच होते, त्यांनी तिकडे साद दिली. कुंदनने मागे वळून पाहिलं आणि आणखी मोठ्याने हाक मारली. मग एकनाथने त्याच्यावर. दोन तांडेल एका होडीवर असले की काय होतं ते सगळ्या गावाने पाहिलं. जहाज मघापेक्षा दुप्पट वेगाने उताराला लागलं.

"बाबा, ब्रेक," मागून दीपाली म्हणाली.

एकनाथ दोन्ही पायांनी ब्रेकवर उभा राहिला. दोरवाले दोन्ही बाजूंना पांगले. मांडवाच्या पहिल्या खांबापासून वीतभर अंतरावर गाडी थांबली आणि नवापूरच्या वऱ्हाडाने शिट्ट्या घातल्या. निमेश पुढे आला, त्याने विचारलं की गाडी कोण चालवत होतं. दीपाली शालू सावरत उतरली आणि म्हणाली, "बाबा चालवत होते, काका ओढत होते." जमनाने तिला ओढतच आत नेलं.

एकनाथ उतरला तेव्हा कुंदन दोर गुंडाळत होता. दोघांनाही धाप लागली होती. कुंदन म्हणाला, "आजची गोष्ट मात्र मी सांगणार. तू नाय."

नाही म्हणायला एकनाथचं तोंड उघडलं होतं. ते त्याने मिटलं, गाडीच्या फाटक्या पाइपकडे पाहिलं आणि म्हणाला, "सांग. पण होळीपासून सांग."

कुंदनने दोराचा शेवटचा वेढा घातला. "होळीचं नाय सांगत," तो म्हणाला. "ते माज्याकडं राहू दे. दोरापासून सांगेन." आणि दोर खांद्यावर टाकून मांडवात गेला, जाता जाता कोणाला तरी ब्रेकची नक्कल करून दाखवत.

एकनाथ त्याच्या मागोमाग निघाला. आत लोक कुंदनभोवती जमले होते आणि हसत होते. गावातली सगळ्यात चांगली गोष्ट, होळीच्या बादलीची, आता कुंदनकडे होती, आणि ती तो कधीच कोणाला सांगणार नव्हता. याचाच एकनाथला सगळ्यात जास्त हेवा वाटला.